प्लॅस्टिकसकट बसलो

बावीस वर्षं मी बहारीनमध्ये लोकांच्या छतांत एसीचे डक्ट बसवले. मग रिफातल्या एका व्हिलात शिडीने माझी साथ सोडली आणि मणक्याने शिडीची री ओढली. त्या दिवसापासून मला कमरेखाली काही कळत नाही. कंपनी मात्र दयाळू निघाली. सित्र्यातल्या स्टोअरमध्ये फोन घ्यायचे आणि टेक्निशियनना पत्ते सांगायचे, असं बसून करायचं काम तिने मला दिलं. खुर्ची मी घरूनच घेऊन जात होतो, तेव्हा कंपनीला तीही झळ नव्हती. मॅनेजर हिंदीत म्हणाला, "जब तक बैठ सकते हो, तब तक काम है." कामावर व्हिसा आणि व्हिसावर माहूजमधलं आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. थोडक्यात, आमचा सगळा संसार माझ्या बुडावर उभा होता.

आता बूड म्हटलं की लोकांना हसू येतं. मलाही यायचं. पण ज्याला बुडाची जाणीव नाही त्याला ते एखाद्या तान्ह्या मुलासारखं सांभाळावं लागतं. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या दर दोन मिनिटांनी चुळबुळ करता, हे तुमच्या ध्यानातही येत नाही. मी करत नाही. एकाच हाडावर तासन् तास वजन पडलं की तिथलं रक्त थांबतं, कातडी लाल होते, मग फुटते आणि जखम पार हाडापर्यंत जाऊ शकते. तोवर मी फोनवर "हां जी, टेक्निशियन निकल गया" असं आनंदाने सांगत असतो.

व्हीलचेअरबरोबर एक काळं कुशन फुकट आलं होतं. फुकट का आलं ते सहा महिन्यांत कळलं. फोमची पार भाकरी झाली होती. एका संध्याकाळी बायकोला उजव्या बाजूला लाल डाग दिसला. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करते, दिवसभर चादरींवरचे डाग बघते, त्यामुळे डागांच्या बाबतीत तिच्याशी कोणी वाद घालत नाही. डाग दोन दिवसांत गेला, पण कुशन बदलायचं ठरलं.

हे कळताच आमच्या ओळखीतला प्रत्येक माणूस कुशनतज्ज्ञ झाला. ज्यांनी आयुष्यात सोफ्यापलीकडे कशावर बूड टेकलं नव्हतं, तेही मला फोम आणि जेल यांतला फरक समजावू लागले. त्यांत सगळ्यांत मोठा तज्ज्ञ माझा मित्र. आमच्या कुडाळकडचाच, कंपनीची कामगारांची बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी मला आपल्या गाडीतून हवं तिथे नेतो. त्याने मध्ये भोक असलेलं गोल कुशन आणलं.

"मी सांगतंय तुका," तो म्हणाला, "माझ्या मूळव्याधीक ह्याच लागू पडला."

"माका मूळव्याध नाय रे."

"नाय तर नाय. होवची असली तर होवची नाय."

ते घेऊन मी हॉस्पिटलात थेरपिस्टकडे गेलो. ती वसईची, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, तरी मला काका म्हणते. खुर्चीत बसलं की वय वाढतं, हेही एक शिकलो. तिने ते गोल कुशन दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं.

"काका, हे ज्यांनी दिलं त्यांना परत द्या. मधल्या भोकामुळे कडेला जास्त दाब येतो. तुमच्यासाठी हे सगळ्यांत वाईट."

मित्र बाहेर बसला होता. त्याला मी फक्त 'मोठं पडतं' असं सांगितलं.

मग तिने टेप घेऊन माझी रुंदी मोजली, मांडीची लांबी मोजली. लग्नातल्या सुटालाही माझी इतकी मापं कोणी घेतली नव्हती. जेलचं कुशन थंड असतं म्हणून मला हवं होतं. ती म्हणाली, "दुपारी पार्किंगमध्ये गाडीत राहिलं तर तापेल. तुम्हाला चटका कळणार नाही. नको." फोम दिवसभर बसणाऱ्याला लवकर दबतो. शेवटी हवेचं ठरलं: रबराच्या छोट्या छोट्या वाट्या, सगळ्यांना जोडणारी एकच हवा, आणि वर ताणलं जाणारं पातळ कापडी कव्हर. हवा किती, तेही तिने शिकवलं. मी बसलो असताना खालून हात घालायचा. हाड आणि तळ यांच्यात एक बोटभर जागा उरली पाहिजे. जास्त भरली तर वरून घसरायचं, कमी भरली तर तळाला टेकायचं. हे सगळं आम्ही नीट पाठ केलं. बायकोने तर वहीत लिहून घेतलं. एवढं लक्ष मी शाळेत दिलं असतं तर शिडीवर चढायची वेळ आली नसती.

कुशन आलं. आमच्याकडे नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं. बायकोने लावलं. मित्राने चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला त्यांवरून पुढे ढकललं. हवा बोटभर मोजली, दोनदा मोजली. सगळं अगदी बिनचूक.

फक्त कुशनवरची पारदर्शक पिशवी कोणी काढली नाही.

काढणार कशी? आमच्या घरात फ्रिजच्या हँडलवर प्लॅस्टिक आहे, रिमोटवर आहे, मित्राच्या गाडीच्या सीटवर आहे, आणि ती गाडी घेऊन चार वर्षं झाली. आम्ही गावाहून इतक्या लांब येऊन वस्तू जमवतो त्या वापरायला थोड्याच? मी नुसतं विचारलं, "ह्या काढूचा नाय?" तर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यातला देव बाहेर काढायला सांगतोय.

"धुळीन खराब होतला," बायको म्हणाली. "वर्षभर तरी नवा ऱ्हवांदे."

मलाही पटलं. खरं सांगायचं तर मला ती पिशवी आवडली होती. ऑफिसात सगळ्यांना दिसत होतं की कुशन नवं आहे.

ऑगस्ट होता. घरापासून गाडीपर्यंतच माणूस ओला होतो. पाच दिवस मी त्या पिशवीवर बसलो. खाली घाम साचत होता, कातडी भिजून मऊ पडत होती, आणि मी गुळगुळीत प्लॅस्टिकवरून हळूहळू पुढे घसरत होतो. यातलं मला काहीच कळत नव्हतं. वसईकरणीने मोजून दिलेली सगळी शहाणी हवा त्या पिशवीच्या खाली होती.

पाचव्या संध्याकाळी बायकोने नेहमीप्रमाणे पाहिलं आणि दिवा जवळ आणला. डाग होता. अंगठ्याने दाबलं की चांगल्या कातडीचा लाल रंग पांढरा होतो आणि परत येतो. हा पांढरा होत नव्हता, आणि कडेला साल गेली होती. मी फोटो थेरपिस्टला पाठवला. तिचा लगेच फोन आला. तिने आधी कुशनचा फोटो मागवला, आणि तो बघून पिशवी किती दिवस आहे ते विचारलं.

"काका," ती म्हणाली, "आता बसायचं नाही. पालथं झोपायचं. मी सांगेपर्यंत."

मी मॅनेजरला फोन केला. तो फार प्रेमाने म्हणाला, "रेस्ट करो, इंशाल्ला सब ठीक होगा." या देशात इतकी वर्षं राहिल्यावर इंशाल्लाचे प्रकार ओळखू येतात. हा 'पुन्हा भेटलो तर भेटलो' या प्रकारातला होता. तिसऱ्या दिवशी मित्राने बातमी आणली की माझ्या टेबलावर एक नवा माणूस बसतोय, दोन्ही पाय धडधाकट असलेला. ते सांगताना तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. लिंबं ठेवल्याचं त्याला वाईट वाटत होतं की पिशवी ठेवल्याचं, ते मी विचारलं नाही.

दोन आठवडे मी उशीवर हनुवटी टेकून पालथा पडलो. मला भीती वाटत होती. याच्यावर काही विनोद सुचला नाही. बायको शिफ्टवरून आली की चपला काढायच्या आधी माझ्याकडे यायची, बघायची आणि स्वयंपाकाला लागायची. तिने स्वतःला दोष दिला नाही, मीही दिला नाही. पण आम्ही दोघंही फार कमी बोलत होतो.

पंधराव्या दिवशी ती आली, बसली आणि तिने अंगठ्याने डाग दाबला. मी वाट बघत राहिलो. समोर कपाटाचा आरसा होता.

"झाला पांढरा," ती म्हणाली. "आणि परत लाल झाला. हॉस्पिटलातल्या बाईंका इचारतंय, पण माका वाटता, थोड्या दिसांनी कामाक गेलात तरी चालात."

"नव्या माणसाक उठवतले?"

"उठवतले. नाय तर मी येवन उठवतंय."

एवढं बोलून ती उठेल असं मला वाटलं. पण ती उठली नाही. तिचा हात किती तरी वेळ तिथेच होता, आणि तो तिथे आहे हे मला आरशात बघून कळलं.