बापाचं नाव आणि दिघीची लाँच

साल एकोणीसशे चौपन्न. मी तिशीतला. पहिला मुलगा झाला होता, बोर्ली पंचतनला, बायकोच्या माहेरी. बाराव्या दिवशी बारसं. आमचे वडील आदल्या वर्षी गेलेले, म्हणून पोराला त्यांचंच नाव ठेवायचं हे मी ठरवून टाकलं होतं. पण नाव बाप ठेवत नाही, आत्या ठेवते. तेव्हा थोरल्या बहिणीला, अक्काला, घेऊन रेवदंड्याहून दिघीच्या लाँचने निघालो. तो दिवस आठवला की आजही डोकं फिरतं.

सकाळी सुटायची लाँच उन्हं वर आली तरी हलेना. कोणा व्यापाऱ्याचे घासलेटचे डबे चढायचे होते. लाँच हाकणाऱ्या तांडेलाला म्हटलं, "माझ्या पोराचं बारसं आहे." तो म्हणाला, "मग पोर काय पळून जातंय?" लोक हसले. अक्काही हसली, ते मला जास्त लागलं.

बंदर सुटलं आणि तिने तोंड उघडलं. "बाबांचं नाव नको ठेवू."

"का?"

"तुझी बायको सासऱ्याचं नाव तोंडातून काढील का? पोराला हाक कशी मारायची तिने, शुक शुक करून?"

"बाळ म्हणेल."

"आणि मिशा फुटल्यावर?"

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण माझ्या घरात शब्द माझा. तसं तिला सांगितलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुरुडपर्यंत हेच चाललं. मुरुडला लाँच बाहेर नांगर टाकून उभी. एक म्हातारा होडीतून येऊन चढला आणि त्याला पानाची चंची किनाऱ्यावर राहिल्याचं आठवलं. होडी चंची आणायला परत गेली, तांडेल विडी ओढत बसला, आणि माझ्याशिवाय कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नारळी पौर्णिमा होऊन फार दिवस झाले नव्हते, समुद्र अजून शांत व्हायचा होता. मुरुड मागे पडलं आणि लाँच झोके खाऊ लागली. अक्का उलट्यांनी आडवी झाली. माझं धोतर घट्ट धरून म्हणाली, "नाव बदल."

"नाही."

तशी ती उठून बसली. आमच्या ग्रामदेवाला हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "देवा, जमिनीला लाव, पोराला तुझं नाव ठेवीन."

"नवस मागे घे," मी म्हटलं.

तांडेल वळला. "दादा, असलं माझ्या लाँचीवर बोलायचं न्हाय. अजून खाडीत शिरायचं हाय."

दिघीला ओहोटी. होडीतून उतरल्यावर पुढे नुसता चिखल. खलाशी पाठीवर घ्यायला वाकला. अक्का म्हणाली, "परक्याच्या पाठीवर मी बसणार नाही." म्हणजे मीच. गुडघाभर चिखल, पाठीवर अक्का, आणि कानाशी तिचं तोंड, "लागले हो जमिनीला. नवस फेडायचा आता." तिथेच तिला सोडून द्यावी असं मनात आलं. पण आत्या लागणार होती.

सासऱ्यांची बैलगाडी बंदरावर होती. पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली, बायका पाळणा सजवून ताटकळलेल्या. दारातच अक्काला अडवलं. म्हटलं, "बाप तुझाही होता."

तिचे डोळे भरले. "होता. म्हणूनच. सून घेणार नाही ते नाव पोराला देऊन काय होईल? कोणी हाकच मारणार नाही त्या नावाने. तेवढ्यासाठी बाबांचं नाव हवंय तुला?"

ती आत गेली, पाळण्यात वाकली, पोराच्या कानात कुजबुजली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. देवाचं नाव ठेवलं. बायकोने लगेच पोराला त्या नावाने हाक मारली, एकदा नाही, चारदा, जणू जीभ वळतेय का ते बघत होती. मी घुगऱ्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत पाळण्यापाशी गेलो आणि पोराच्या कानात माझ्या बापाचं नाव सांगितलं. तो झोपेतच होता. मग गाडी जोडायला लावली आणि अक्काला घेऊन दिघीला आलो. ओहोटीच होती. तिने काही म्हणायच्या आत मी चिखलात वाकलो.