अभिषेकाचं पाणी

लढाईच्या त्या उन्हाळ्यात मी रोज देवापुढे हात जोडायची, पण कान मात्र तोफांच्या कारखान्याच्या भोंग्याकडे असायचे. ह्यांना भट्टीवर जादा पाळ्या कराव्या लागत. घरी आले की न जेवताच आडवे होत. ते सुखरूप राहावेत म्हणून मी महादेवाला नर्मदेच्या पाण्याचा अभिषेक बोलले होते. ग्वारीघाटाहून घागर भरून आणली, सोमवारसाठी देवघरात झाकून ठेवली. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. वर कुणी ऐकत असेल का, हीच शंका सारखी डोकं काढायची.

एका दुपारी हे सायकल ढकलत आले आणि उंबऱ्यातच कोसळले. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, बोलणं असंबद्ध. शेजारचे भैया डॉक्टरला आणायला धावले. झळा येऊ नयेत म्हणून मी दारं-खिडक्या लावून घेतल्या. आमच्या घमापूर वस्तीतला नळ सकाळीच कोरडा झालेला, मोरीतलं पाणीही तळाला गेलेलं. कपाळावर ठेवलेली पट्टी बघता बघता वाळत होती. मी उठायची, फटीतून रस्ता पाहायची, पुन्हा येऊन बसायची.

दार वाजलं. डॉक्टर असतील म्हणून धावले, तर नर्मदेची परिक्रमा करणारी एक म्हातारी भिक्षेला उभी. तिनं आत पाहिलं, झोळी खाली ठेवली आणि न विचारताच खिडक्या उघडल्या.

"लू लगी है. गीला कपड़ा ओढ़ा इसको. पानी उड़ेगा तो ताप भी ले जाएगा."

"पानी कहाँ है, माताजी?"

तिची नजर घागरीवर गेली. मी आडवी आले. "वो अभिषेक का है. इन्हीं के लिए बोला है."

"तो इन्हीं पर डाल दे, बेटी."

मी धोतर भिजवून ह्यांच्या अंगावर पसरलं. ती सुपानं वारा घालत राहिली. धोतर वाळायचं, मी पुन्हा भिजवायची. घागर उतरत चालली होती. शेवटी ह्यांच्या अंगाची आग निवत गेली. त्यांनी डोळे उघडले.

"काहून रडून राहिली?" म्हणाले.

डॉक्टर आले तेव्हा ताप बराच उतरला होता. म्हातारीनं मूठभर पीठ घेतलं. मी दारापर्यंत गेले, चाचरत विचारलं, "माताजी, अब अभिषेक?"

ती रखरखीत आभाळाकडे बघून हसली. "पानी गया थोड़े ही है? ऊपर गया है. मैया अमरकंटक पर बरसेगी, फिर घाट पर आएगी. और कहाँ-कहाँ बरसेगी, वो जाने. नर्मदे हर!"

सोमवारी मी रिकाम्या हातांनी महादेवापुढे उभी राहिले. पहिल्यांदाच काही मागावंसं वाटलं नाही, नुसते डोळे भरून आले. लढाई पुढेही चालली, ह्यांची भट्टी सुटली नाही, माझी धास्तीही एकदम गेली नाही. पण कृपा माझ्याच अंगणात बरसू दे, असं मी महादेवाला आता सांगत नाही.