बोर्डावरचं "डॉ."

गेल्या रविवारी नेसरीला, आमच्या गोठ्यात उभी राहून मी माझ्याच फोटोकडे बघत होते... वर, छपराला. फोटोखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, "डॉ. स्नेहल हिचा मेडिकलला नंबर लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली म्हशी निवांत रवंथ करत होत्या.

सांगते. अडीच वर्षांपूर्वी मला कोल्हापुरात एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली, पण एमबीबीएसला नव्हे. नीटला दोनदा मार्क कमी पडले, मग बी.एस्सी. केलं, आणि नंतर हे एम.एस्सी. अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचनेचा तीन वर्षांचा कोर्स.

डोक्यात असं की तीच इमारत, तीच पुस्तकं, अभ्यास चालू राहील आणि नीट पुन्हा देता येईल... मागच्या दाराने का होईना, आत तर शिरू. नीटला विचारतात अकरावी-बारावीचं, ही गोष्ट मी स्वतःपासूनच लपवून ठेवली होती.

घरी फोनवर मी एवढंच म्हणाले, मेडिकल कॉलेजला नंबर लागला. आमच्या काकांना तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड लागला आणि त्यात "डॉ." आपोआप आलं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं... पण खरं सांगू, दोन दिवस मला ते फार आवडलं. तिसऱ्या दिवशी उशीर झाला होता. आबांना, म्हणजे वडिलांना, पुढे तेवढं सांगितलं, की हे एमबीबीएस नाही, नीट परत देऊन डॉक्टर होणार आहे; गावाला नाही.

बोर्ड उतरवल्यावर आबांनी तो गोठ्यात मोडक्या पत्र्याच्या जागी घातला. छपाई आतल्या बाजूला, उन्हानं रंग उडू नये म्हणून. म्हणजे गेली अडीच वर्षं आमचे आबा रोज दोन वेळा धार काढत आले ते "डॉ. स्नेहल"च्या खाली बसून.

या वेळी मी त्यांना दोन गोष्टी सांगायला गेले होते. नीटला तिसऱ्यांदाही मार्क कमी पडले, आणि आता मी परत देणार नाही. एस.टी.त बसून वाक्यं पाठ केली होती... दमलेय हो मी. तीच गाईडं, तेच चार पर्याय, आणि निकालाच्या दिवशी तेच घरचे फोन.

तोंड उघडणार इतक्यात शेजारच्या शेवंताकाकू अंगणात आल्या. "डॉक्टरीनबाई, जरा बघ की गं. सकाळधरनं डावा हात दुखाय लागलाय, छातीत जळजळतंय. पित्ताचीच गोळी घिऊ न्हवं?" कपाळावर घाम होता, चेहरा पांढरा पडला होता.

असल्या प्रश्नांतून मी आजवर हसून निसटत आले. त्या दिवशी निसटायला जागा नव्हती. मी "घ्या गोळी" म्हटलं असतं तर काकू गोळी घेऊन घरी जाऊन पडल्या असत्या.

"काकू, मी डॉक्टर नाही," मी म्हणाले. आबांच्या देखत, पहिल्यांदा. तो बोर्ड चुकीचा आहे, मला तपासता येत नाही, आत्ताच्या आत्ता गडहिंग्लजला दवाखान्यात चला... एका दमात सगळं.

काकू बघतच राहिल्या. "मग इतकी वर्सं तितं काय करतीस?"

लागलं ते मनाला. पण आबा टेम्पोची किल्ली आणायला आत गेले होते. दुधाचे रिकामे कॅन मागे तसेच ठेवून आम्ही निघालो.

हार्ट अटॅकच निघाला. ईसीजी काढल्या काढल्या काकूंना आत घेतलं, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. काकूंचा मुलगा येईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसून होतो.

परतताना, ते कॅन खडखडत असताना, मी बाकीचंही सांगून टाकलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. नीट गेली आबा, परत देणार नाही, कोर्स पुरा करून अ‍ॅनाटॉमीच शिकवणार.

आबांनी विचारलं, "कुणाला शिकीवणार?"

जी मुलं डॉक्टर होणार आहेत, त्यांना. मी सांगितलं की आत्ताही पहिल्या वर्षाची मुलं हातात हाड घेऊन माझ्याकडे येतात... मॅडम, हे डावं की उजवं? मी डोळे मिटून, नुसतं चाचपून सांगते.

आबा फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मला काही लागला नाही, आणि घर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून गोठ्यात निरोप घ्यायला गेले. आबा शिडीवर होते, हातात विळा. बोर्डावरचं "डॉ." तेवढं त्यांनी चौकोनी कापून काढलं होतं. माझं नाव, फोटो, नंबर, अभिनंदन... सगळं जागच्या जागी.

"बाकीचं समदं खरंच हाय की," खाली उतरता उतरता म्हणाले. आणि म्हशीला वैरण टाकायला लागले.

शेवंताकाकू आता घरी आल्यात. डॉक्टर नाही तर नाही, पण हाडातलं कळतं ना, मग पुढच्या वेळी माझा गुडघा बघ, असा निरोप आलाय त्यांचा. कपाळाला हात लावला मी.

आबांना समोरासमोर थँक्यू म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथं लिहितेय. परवा फोनवर मी एवढंच म्हणाले, की त्या भोकातनं पाणी गळत असेल, ठिगळ लावून घ्या.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "धार काढताना उजेड बरा येतोय."