कामी आलं

आमच्या भोसरीत त्या काळी कुणाच्याही पोराची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू व्हायची: कामाला लागला का? जमिनी कारखान्यांना गेल्या होत्या, नांगर गोठ्यात पडून होते आणि पोरगा कंपनीत चिकटला की त्याची आई गल्लीत साखर वाटायची. माझ्या चुलतीचा एकुलता एक मुलगा मात्र फौजेत होता, दूर डोंगरात ट्रक चालवत. मला तो पाठच्या भावासारखा. फौजेतून सुटून आला की कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागेल, या एका आशेवर चुलती दिवस काढत होती. साहेबांच्या कानावर घाल, म्हणून रोज माझ्या मागे लागायची. मी लेथवर उभा राहणारा माणूस, मला कोण साहेब विचारतो? पण हो म्हणायचो. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

एका दुपारी पहिली पाळी संपवून बसमधून उतरलो, तर थांब्यावर पोलीस पाटील माझी वाट बघत उभे. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, तुझा भाऊ गेला. रस्ता खचून त्याचा ट्रक दरीत कोसळला, तसा लष्कराकडून निरोप आलाय. चुलतीला कळलं का, असं विचारल्यावर पाटील खाली बघायला लागले. सांगितलं होतं त्यांनी. पण मेला म्हणवेना, वारला हे म्हाताऱ्यांसाठी, म्हणून कुठे तरी ऐकलेला मानाचा शब्द त्यांनी वापरला. "तुमचं पोरगं कामी आलं," म्हणाले.

चुलतीचा चेहरा उजळला म्हणे. तिने विचारलं, "कंच्या कंपनीत?"

पाटलांना पुढे बोलवेना. ते तसेच उठले, गल्लीतल्या घरांना खरं काय ते सांगितलं आणि थांब्यावर येऊन उभे राहिले. तू घरचा आहेस, तूच सांग, म्हणाले. या माणसाला आयुष्यात कधी शिव्या कमी पडल्या नव्हत्या आणि नेमका त्या दिवशी तो शुद्ध बोलायला गेला. संताप संताप झाला माझा. पण आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला भांडायचंही जिवावर येतं. मी घराकडे चालू लागलो.

गल्लीत बायका दारादारांत उभ्या होत्या. मला बघून एकीने मूठ पदराखाली लपवली. शेजारच्या म्हातारीच्या तळहातावर साखर तशीच होती, तिचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. चुलती घरोघर जाऊन आली होती तर.

घरात तिने चहा ठेवला होता. पाटलांना कंपनीचं नाव ठाऊक नाही, उद्या तूच चौकशी कर, असं सांगत तिने माझ्याही हातावर साखर ठेवली. मी जेवणाचा डबा खाली ठेवला, तिच्याजवळ बसलो आणि सरळ सांगून टाकलं. ट्रक दरीत गेला, तो आता नाही, आणि पाटलांच्या त्या शब्दाचा अर्थ हाच होता. मला रडू नंतर आलं.

चहा उतू जायला लागला तसा तिने सवयीने खाली उतरवला. मग विचारलं, "गल्लीत ठावं व्हतं समद्यांना?"

"व्हय."

"आन् येकीनंबी नगं म्हणलं न्हाई. समद्यांनी हात म्होरं केला."

त्या बिचाऱ्यांना तरी काय सुचणार होतं, असं मी म्हणालो. ते तिने ऐकलंच नाही. स्वतःच्या तळव्यांकडे बघत ती म्हणाली, "माझ्याच हातानं वाटली रं म्या, त्याच्या मरणाची साखर."