‘श्वास सोडा’ म्हणणाऱ्या बाई

बाई ‘श्वास सोडा’ म्हणाल्या की आमचा तर सुटायचाच, पण तिकडे स्वारगेटला उभ्या असलेल्या एसट्यांच्या चाकांतली हवाही जायची. सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात सकाळी त्यांचा योगवर्ग भरे. मुलांना कॉम्प्युटर शिकवून अमेरिकेत धाडलेल्या आम्ही आया गुडघेदुखीच्या सबबीवर तिथं जमत असू.

गुडघ्यांवर बाईंचा विश्वास नव्हता. नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न, “सकाळी उठता कशासाठी?” मुलांसाठी म्हटलं, तर मुलं आत्ता तिकडे संध्याकाळचा पास्ता खात असतील, असं ऐकवायच्या. यजमानांसाठी म्हटलं, तर त्यांना चहा करता येत नाही का, म्हणून विचारायच्या. शवासन मात्र त्या शिकवतच नसत. “पडा मेल्यासारख्या. घरी सराव असेलच.” यावर एक धिप्पाड बाई अशा रडल्या, की सतरंजी गच्चीवर वाळत घालावी लागली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याच हजर.

धायरीच्या एका नव्या सोसायटीत आयटीतल्या मुलींचा वर्ग निघायचा होता. तो बाईंनी मला घ्यायला सांगितला. जन्मात पहिल्यांदा माझं असं काही मिळत होतं, आणि नेमका त्याच आठवड्यात लेकाचा फोन आला : सुनेचं बाळंतपण आहे, सहा महिने ये. पहिलं नातवंड. जीव दोन्हीकडे ओढला. बाईंना विचारलं, वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

“तुमच्यावाचून धायरीचं अडत नाही, अमेरिकेचंही नाही. तेव्हा मनात असेल तिथं जा. इतकी मोकळी बाई अख्ख्या पेठेत नसेल.”

चिडून घरी गेले आणि चिडूनच लेकाला ‘येत नाही’ कळवलं. पलीकडे सुनेनं टाकलेल्या सुटकेच्या निःश्वासानं माझ्या खिडकीचे पडदे हलले. तिच्या आईचा व्हिसा तयारच होता.

धायरीच्या पहिल्या वर्गाला बाई रिक्षानं आल्या, मागे बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, “फार जपता हो मुलींना. जपून घ्यायला त्या माहेरी जातील, इथं कशाला येतील?”

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाई गेल्या.

नातू सुनेच्या आईला आजी म्हणतो, मला फोनवर ‘हॅलो’ म्हणतो. ते खुपतं. ज्या दिवशी जास्त खुपतं, त्या दिवशी मुली घाम पुसत सांगतात, “मॅडम, आजचा क्लास एकदम बेस्ट झाला.”