क्लस्टरच्या सुनावणीला आलेली माणसं

आमच्या ऑफिसात फाइल बंद झाली की रेकॉर्ड रूममध्ये जाते आणि तिच्यावर धूळ बसते. किस्स्यांचं तसं नाही. ते रोज टिफिनच्या वेळी बाहेर निघतात आणि दरवेळी थोडे वाढूनच परत जातात. मी भिलाईत नगर नियोजनाच्या ऑफिसात काम करते. कुणाला कुठे वसाहत बांधायची असली की तिचा नकाशा आधी आमच्या टेबलावर येतो. पण एका क्लस्टर हाउसिंगच्या फाइलनं आम्हाला जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या फाइलींनी मिळूनही दिले नसतील.

प्रकरण साधं होतं. कॅम्प-1 या भागाच्या मागे एक मोठं मैदान आहे. एका बाजूला जुनी वस्ती, समोरच्या बाजूला नवी कॉलनी, आणि कडेनं हथखोजच्या कारखान्यांकडे जाणारा ट्रकांचा रस्ता. एका बिल्डरला त्या मैदानावर घरं बांधायची होती. अशा वेळी मंजुरीआधी आजूबाजूच्या लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. ऐकणारे आम्ही दोघं, माझे साहेब साहू सर आणि मी. बिल्डरकडून यायची रिचा, रायपूरची तरुण आर्किटेक्ट. वस्तीतल्या समाज भवनात सतरंजी टाकून सुनावणी सुरू झाली.

*

पहिल्या दिवशी रिचानं पडद्यावर चित्रं दाखवून क्लस्टर म्हणजे काय ते समजावलं. काही घरांचा एक गट, मध्ये सगळ्यांचं मिळून अंगण, गाड्या बाहेर, मुलं आत सुरक्षित. फार मनापासून बोलली बिचारी. 

मग मागून एक बाई उठली. "मधात आंगन, चारही बाजूनं घरं, आन पोरं याच्या घरातून त्याच्या घरात. हेच ना?"

मी रिचाला हिंदीत सांगितलं. तिला एवढा आनंद झाला. "जी, बिलकुल यही."

"मंग हे तर आमी कधीचंच करून राहिलो," बाई म्हणाली. "आमाले तर कोनी मंजुरी नाही देल्ली."

सगळं भवन हसलं, मी हिंदीत सांगितल्यावर रिचासुद्धा. साहू सर मात्र गंभीरपणे लिहीत होते. नंतर मी डोकावून पाहिलं, तर त्यांनी लिहिलं होतं, 'लोगों को संकल्पना समझ में आ गई है।'

*

त्या वस्तीत भंडारा-गोंदियाकडून आलेली मराठी घरं पुष्कळ. तरुण पोरं हिंदीतच बोलतात, पण म्हाताऱ्यांना राग आला की मराठीच लागते. मी घरी तीच भाषा बोलते. त्यामुळे दुभाषी म्हणून सर मला शेजारीच बसवून घेत.

एकदा खोब्रागडे आजी उभ्या राहिल्या. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी नावापुरतं येतं, आणि आता शेजारी एवढी घरं होणार, ही त्यांची काळजी. त्यांनी सरांकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाल्या, "बाई, या टकल्याले विचार. आमच्या नळाले आताच थेंब थेंब येते. उद्या हे सारे लोकं आले त का आमी याच्या डोक्श्याचा घाम प्याचा?"

सर माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला. "सर, माताजी को पानी की सप्लाई के बारे में थोड़ी चिंता है।"

सरांनी मान डोलावली, लिहून घेतलं. नव्या घरांनी वस्तीच्या लाइनला हात लावायचा नाही, आपल्या पाण्याची सोय आपण करायची, अशी अट त्यांनी तिथल्या तिथे घातली. आजी समाधानानं खाली बसल्या.

परत येताना जीपमध्ये सरांनी वही मिटली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मैडम, बचपन में हमारे बाजू में मराठी परिवार ही रहता था। अनुवाद अच्छा था। टकला छोड़ दिया आपने।"

*

नकाशावर त्या मैदानावर 'रिक्त भूमि' असं लिहिलेलं होतं. रिक्त आहे की नाही ते जाऊन बघणं आमचं काम. गेलो, तर मैदानभर मांडव. तिथे लग्न होतं.

आम्ही कडेनं जाऊ म्हणालो, पण मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसानं सरांच्या कपाळाला टिळा लावला, अत्तर लावलं आणि हात धरून आत नेलं. त्याला वाटलं आम्ही नवरदेवाकडचे. सरांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. "हम सर्वे के लिए आए हैं।" तो म्हणाला, "हव, हव, पयले जेवून घ्या, मंग पुरं सर्वे करा."

जेवलो. नवरीच्या बापाला आम्ही खरे कोण ते कळलं तेव्हा तो घाबरला. स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर काम करणारा माणूस. हात जोडून उभा राहिला. "साहेब, घर दोन खोल्याचं. तिच्या आत्यांचं बी इथंच झालं, माहं बी इथंच झालं. हॉल कराची आपली ताकत नाही. हे मैदान गेलं त आमी मांडव कुठी टाकाव?"

सरांनी त्याचे जोडलेले हात खाली केले.  ऑफिसात येऊन पाहणी अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली, 'भूमि रिक्त नहीं पाई गई।' पुढच्या बैठकीत बिल्डरला सांगितलं की मधली मोकळी जागा एकत्र आणा, वस्तीकडून उघडी ठेवा आणि एक मांडव बसेल एवढी करा. बिल्डरनं खूप कुरकुर केली, पण शेवटी केली.

त्या दिवशीच्या अत्तराचा वास मात्र सरांच्या शर्टाला होता, आणि घरी त्यांनी काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

*

बोरकर काका प्रत्येक सुनावणीला यायचे आणि प्रत्येक वेळी सगळ्यात आधी उठायचे. त्यांचा आक्षेप नव्या इमारतींच्या उंचीवर होता. पुढ्यात इमारत आली की गच्चीवरचं ऊन जाईल, हवा जाईल, सगळंच जाईल. बोलताना ते प्लांटच्या गेटवर भाषण देत असल्यासारखे बोलत. बाजूला काकू बसलेल्या असायच्या, गुडघ्यावर हात ठेवून.

एका बैठकीत काकांचं भाषण संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काकूंनी हळूच रिचाला जवळ बोलावलं. "बेटा, इसमें लिफ्ट रहेगी?"

"जी आंटी, रहेगी।"

"और पाखाना घर के अंदर, कमोडवाला?"

"जी, अंदर ही।"

काका वळून बघायला लागले. "तू कावून विचारून राहिली?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमी आक्षेप घ्या ना. मी कुठी नाही म्हनलं. माहे गुडघे त अर्ज करून राहिले."

काका त्यानंतरच्या बैठकीलाही आले. पण उंचीबद्दल बोलले नाहीत. पहिल्या मजल्यावर घर मिळेल का, एवढंच विचारलं.

*

आता नंदेश्वर काकांचं सांगते.

रेल्वेतून रिटायर झालेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. वस्तीच्या अगदी कडेला, मैदानाला लागून त्यांचं घर. बायको वारल्यापासून एकटेच राहायचे. मुलगी, सुषमा, मैदानापलीकडच्या कॉलनीत. ती नर्स. काका रोज सकाळी काठी घेऊन मैदान ओलांडून तिच्याकडे जायचे, जेवायचे, नातीला गोष्टी सांगायचे आणि ऊन उतरलं की परत यायचे. सुषमानं कितीदा म्हटलं, आमच्याकडेच राहा. ते म्हणायचे, "जाता येते तवरीक मी पाहुना हावो. जाता नाही आलं का वझं होईन."

शेवटच्या सुनावणीला रिचानं लाकडाचं मॉडेल आणलं होतं. लोक भोवती उभे राहून बघत होते. काका म्हणाले, "मले बी पाहू द्या."

रिचानं त्यांचा हात धरून मॉडेलवर ठेवला. काकांची बोटं छोट्या छोट्या घरांवरून फिरली, अंगणात उतरली, झाडांना लागली. मग त्यांनी विचारलं, "माहं घर कुठी हाये?"

मॉडेल तर हद्दीपाशीच संपत होतं. रिचानं इकडेतिकडे पाहिलं, आपल्या पर्समधली पिनांची डबी काढली आणि कडेला ठेवली. "यहाँ, अंकल।"

काकांनी डबी चाचपली. तिथून दोन बोटं चालवत निघाले, अगदी माणूस चालतो तशी. मांडवासाठी सोडलेली मोकळी जागा ओलांडली आणि पुढे बोटं घरांच्या कुंपणभिंतीला थडकली. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. कुठेच दार नव्हतं.

"घूमके जाना पड़ेगा अंकल," रिचा म्हणाली. "मेन रोड से।"

"ट्रकवाले रोड से?"

 सुषमा मागे उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली. तिनं तोंड फिरवलं.

काकांनी बोटं भिंतीवरून उचलून पलीकडे ठेवली आणि दोन गटांच्या मधून सरळ चालवत दुसऱ्या बाजूला काढली. "यहाँ से जगह तो है।"

बिल्डरचा माणूस पुढे आला. "वो अंदर का रास्ता है दादा। वहाँ से पब्लिक अलाउड नहीं है।"

"पब्लिक कोन हाये?" काका म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "मी त शेजारी हावो."

मी हे हिंदीत सांगायला तोंड उघडलं. साहू सरांनी हातानंच नको म्हटलं. रिचा त्या भिंतीकडे बघत होती. मग तिनं बिल्डरच्या माणसाला न विचारता भिंतीचा तेवढा तुकडा मॉडेलवरून काढून घेतला.

बिल्डरशी तिचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुरुस्त नकाशा आला त्यात मधून एक वाट होती, दोन्ही टोकांना उघडी, आणि सरांनी ती मंजुरीच्या अटीत पक्की केली.

पाया खोदण्याआधी जागेवर चुन्याच्या रेघा मारतात, तेव्हा आम्ही बघायला गेलो. रिचा होती. काकाही आले होते, सुषमाबरोबर. रिचानं त्यांना वाटेच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हणाली, "अंकल, एक बार चलके बताइए, ठीक है कि नहीं।"

काकांनी काठी पुढे केली. रिचानं सँडल काढून हातात घेतल्या, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. दोघं चालायला लागले. कामगार फावडी टेकवून बघत राहिले. मध्ये एकदा ती अडखळली, तर काका थांबले. "धीरे. यहाँ ढलान है।"

पलीकडच्या टोकाला, सुषमाच्या कॉलनीपाशी पोचल्यावर काकांनी काठीनं दोनदा जमिनीवर ठोकलं.

"अब आँख खोलो बेटा," ते म्हणाले. "घर आ गया."