देवीसमोर हलगी थांबली तेव्हा

माझी थोरली लेक रंजना गेल्यावर मी देवीच्या देवळात पाऊल टाकायचं सोडून दिलं होतं. शेजारच्या वरातीत फटाका वाजला, पोर दचकली, जागच्या जागी कोसळली आणि पुन्हा उठली नाही. कोणी म्हणालं बाहेरची बाधा, कोणी म्हणालं नजर. मी म्हटलं, एवढं होत असताना ही देवी काय गोधडी पांघरून झोपली होती? सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

आमचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या रस्त्यावर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या नवरात्रात धाकटी छाया सासूबाईंचं बोट धरून आरतीला गेली आणि हलगीवर पहिली काठी पडताच खाली पडली. थोड्या वेळानं आपली आपणच उठली. आमच्याकडे आरतीला बायकांच्या अंगात वारं येतं. जिच्या अंगात येतं तिला देवीचं झाड म्हणतात आणि तिच्यापुढे हलगी आणखी जोरात वाजवतात, म्हणजे देवी बोलायला लागते. छाया ना घुमली होती, ना बोलली होती. तरी सासूबाई आनंदानं रडत घरी आल्या. "नवं झाड हाय, आजून वाचा फुटली न्हाई. उद्या म्होरं बसवून वाजवू." पोरीचा मळवट भरला, मोठी माणसं तिच्या पाया पडू लागली. माझ्या डोळ्यांपुढून मात्र रंजनाचा दचकलेला चेहरा हलेना. नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "येकीला देवीनं नेलं. दुसरीला आपली म्हनतीया, तर तू आडवी व्हतीस?" दुसऱ्या दिवशी मीही देवळात गेले, देवीसाठी नाही, पोरीसाठी.

त्या दुपारी आहुप्याची देवराई पाहून परतणारी एक तरुण बाई आमच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होती. आमची एसटी म्हणजे आली तर आली. त्या दिवशी ती आलीच नाही. दिवस कलला तशी ती बाई पाणी मागायला देवळात आली आणि ओसरीवर टेकली. तेवढ्यात आरती सुरू झाली. छायाला गाभाऱ्यासमोर पाटावर बसवलेलं होतं. हलगी कडाडली आणि माझी पोर पाटावरून कलंडली. "आली! आली! वाजवा रं!" सासूबाई ओरडल्या. हलगी अंगावर काटा येईल अशी वाजू लागली. पोरीचे ओठ काळेनिळे पडत चालले होते आणि माणसं हात जोडून देवी बोलण्याची वाट बघत होती.

ती बाई गर्दीतून घुसली. "मी डॉक्टर आहे. बघू द्या हिला."

"ताई, हात नका लावू. देवीचं वारं हाय त्ये," कोणीतरी तिला अडवलं.

तिनं छायाच्या मानेला बोटं लावली आणि माझ्याकडे पाहिलं. पोरीची आई मीच, हे तिनं कशावरून ओळखलं कोण जाणे. "हिची नाडी लागत नाहीये. ते वाजवणं थांबवा."

मला कुठून बळ आलं माहीत नाही. मी हलगीवाल्याच्या हातातली काठी हिसकली. "देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे!" हलगी थांबली. ती बाई दोन्ही हातांनी पोरीची छाती दाबत राहिली. मी देवीकडे पाहिलंसुद्धा नाही, पोरीकडेच पाहत होते. छायानं एकदम मोठा श्वास घेतला आणि "आई" म्हणाली.

त्या डॉक्टरबाईनंच आम्हाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हृदय विजेवर चालतं. त्याच्या प्रत्येक पेशीला डोळ्यांना न दिसणारी दारं असतात. एका दारानं मिठातलं सोडियम आत शिरलं की वीज खेळते आणि ठोका पडतो. दुसऱ्या दारानं पोटॅशियम बाहेर गेलं की हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. छायाचं हे दुसरं दार नीट उघडत नव्हतं. हृदय सावरायला उशीर लागायचा, आणि त्यातच अवचित मोठा आवाज झाला की ठोके विस्कटून रक्त पुढे ढकललंच जायचं नाही. हा दोष रक्तातून येतो म्हणून त्यांनी आमचेही ईसीजी काढले. दोष माझ्याकडून आला होता. म्हणजे रंजनाला कुणाची नजर लागली नव्हती. तिला मी जन्म दिला तेव्हाच ते तिच्यात आलं होतं. हे ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून जी रडले, तशी तिच्या मातीलाही रडले नव्हते.

छाया आज संसाराला लागली आहे. आम्ही मायलेकी रोज गोळी घेतो. गावात आता आरती नुसत्या टाळ्यांवर होते. सासूबाईंनीच हट्ट धरून तसं करून घेतलं. ती डॉक्टर पुन्हा कधी भेटली नाही. कुणी म्हणतं देवीनंच तिला थांबवलं, कुणी म्हणतं एसटी बिघडली होती. मी वाद घालत नाही. मला पोर परत मिळाली, त्याबद्दल मी देवीपुढे रोज डोकं टेकते. शरण जायचं म्हणजे सगळं पटलं पाहिजे, असं मला वाटायचं. तसं नसतं. टेकलेलं डोकं वर उचलण्याआधी मी तिला रोज विचारते, बाई, माझ्या रंजनाच्या वेळी का नाही कुणाला थांबवलंस? ती काही बोलत नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.